राखून ठेवलेलं काम

मराठी मजकूर लिबरऑफिस या लेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडल्यावर पानभर उमटणाऱ्या लाल नागमोडी रेघा ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना आमच्या प्रकल्पाची वेगळी ओळख करून द्यायला नको. त्या रेघा कमी करणं हे आमचं काम. शुद्धलेखन तपासायला लागणारी शब्दयादी आणि प्रत्ययांचे नियम आम्ही चार-पाच जण आपापले व्याप सांभाळून वाढवत असतो. एक निवृत्त मराठीचे शिक्षक आहेत, त्यांना सगळे सरच म्हणतात. आम्ही दोघं पुण्यातल्या आयटीतले. एक ताई न्यू जर्सीत असतात, त्यांची रात्र ती आमची सकाळ. पगार कोणालाच नाही आणि कोणी कोणाचा साहेबही नाही.

खालचं इंजिन आमचं नाही. हन्स्पेल नावाचा तो प्रोग्राम लास्लो नेमेथ यांनी हंगेरियन भाषेसाठी लिहिला आणि आज लिबरऑफिसपासून फायरफॉक्स, क्रोमपर्यंत सगळीकडे तो आहे. हंगेरियनसाठी घडवलेली वस्तू मराठीच्या अंगाला बऱ्यापैकी बसते, कारण शब्दामागे प्रत्यय, प्रत्ययामागे आणखी प्रत्यय जोडत जायची हौस दोन्ही भाषांना आहे. हन्स्पेल दोन थरांपर्यंत प्रत्यय सोलून मूळ शब्द शोधतं. ‘घरासमोरच्यांनासुद्धा’ असं काही समोर आलं की ते गांगरतं. मग उरलेले थर आम्हाला नियमातच एकत्र बांधून द्यावे लागतात. हे काम संपणारं नाही, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक आहे आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही.

अशा प्रकल्पाकडे अधूनमधून एक ठरावीक निरोप येतो. ‘नमस्कार सर, मला प्रोग्रामिंग येतं, मराठी माझी मातृभाषा आहे, मला काहीतरी मदत करायची आहे.’ गेल्या पावसाळ्यात कोल्हापूरच्या एका मुलीचा असाच निरोप आला. दिवसा ती एका लहानशा कंपनीत पीएचपी या भाषेत प्रोग्राम लिहिते. वडिलांचा छापखाना होता, त्यामुळे प्रूफं तपासायचं बाळकडू घरातच मिळालेलं. तिच्या निरोपात एक वाक्य जादा होतं : ‘माझं स्वतःचं आडनाव तुमच्या स्पेलचेकमध्ये चूक दाखवतं.’ ते वाचलं आणि मला वाटलं, ही टिकणार. मायमराठीच्या प्रेमाने आलेले पुष्कळ येतात आणि पहिल्या दिवाळीपर्यंत जातात. वैतागून आलेला माणूस सहसा जात नाही.

पण टिकणं फक्त तिच्या हातात नव्हतं. त्या निरोपाला आम्ही काय उत्तर देतो, यावर निम्मं ठरणार होतं.

लग्नघरात आदल्या दिवशी लांबची एखादी वहिनी येते, पदर खोचून विचारते, ‘काय करू, सांगा.’ घरची माणसं धांदलीत असतात, पण अगदी मनापासून म्हणतात, ‘नको नको, तू बस, दमून आलीयेस.’ तिला चहा मिळतो, खुर्ची मिळते, आणि पुढचे दोन दिवस ती पाहुणीच राहते. त्याऐवजी कोणी म्हटलं असतं, ‘हे द्रोण मोजून पंचवीस-पंचवीसचे गठ्ठे लाव’, तर संध्याकाळपर्यंत ती घरची झाली असती, रात्री आचाऱ्याशी भांडलीसुद्धा असती. मुक्त सॉफ्टवेअरच्या, म्हणजे ज्याचा कोड कोणालाही बघता-बदलता येतो अशा सॉफ्टवेअरच्या, जगात ‘तू बस’ म्हणायचे जास्त सभ्य प्रकार आहेत. ‘स्वागत आहे, आधी रीडमी वाचून घ्या.’ ‘इश्यूंची यादी आहे, आवडेल ते उचला.’ वर एक हसरा चेहरा. (रीडमी म्हणजे प्रकल्पाची माहिती देणारी फाईल, इश्यू म्हणजे नोंदवलेल्या चुका आणि राहिलेली कामं.) यात उद्धटपणा काही नाही, आणि म्हणूनच ते लक्षात येत नाही. समोरचा माणूस ती लांबलचक यादी उघडतो. त्यातल्या निम्म्या गोष्टी त्याला कळत नाहीत, उरलेल्यांवर दोन वर्षांपूर्वीची चर्चा अर्धवट सुटलेली असते, आणि तो गुपचूप टॅब बंद करतो. कोणी त्याला हाकललेलं नसतं. तो आला होता याची नोंदही कुठे राहत नाही.

माझं मत असं झालंय की स्वागताचं खरं काम माणूस यायच्या आधी करावं लागतं, आणि ते काम म्हणजे काही कामं न करणं.

हे ऐकायला सोपं वाटतं. प्रत्यक्षात जुन्या माणसाचे हात शिवशिवतात. एखादी बारीक चूक दिसली, दहा मिनिटांत दुरुस्त होणारी, तर ती दुरुस्त करून टाकायची ऊर्मी फार जबरदस्त असते. त्या दहा मिनिटांत आपण अजून उपयोगाचे आहोत असं वाटतं. ती चूक मुद्दाम तशीच ठेवायची, तिच्यावर ‘पहिल्यांदा येणाऱ्यासाठी’ अशी चिठ्ठी लावायची, कुठली फाईल, कुठली ओळ, बदल केल्यावर कसं तपासायचं, हे सगळं नीट लिहायचं आणि वाट बघत बसायचं, यात दहा मिनिटांच्या जागी तास जातो. वर महिनाभर ती चूक वापरणाऱ्यांना दिसत राहते आणि कोणीतरी तक्रार करतो की ‘एवढंही जमत नाही का तुम्हाला?’ गिटहब या कोड ठेवायच्या संकेतस्थळावर अशा कामांसाठी तयार लेबल मिळतं, बहुतेक प्रकल्प ते वापरतात. पण लेबल लावणं आणि कामाची राखण करणं यांत फरक आहे. आमच्या सरांना हे पटायला वेळ लागला. त्यांना चुकीचा शब्द दिसला की झोप येत नाही. ‘चूक दिसतेय आणि ठेवायची? शाळेत असं केलं असतं तर मुख्याध्यापकांनी मेमो दिला असता,’ असं ते म्हणाले होते.

अर्धवट गोष्ट लोकांसमोर ठेवण्यात एक आमंत्रण असतं, हे या क्षेत्राच्या इतिहासातच दिसतं. २५ ऑगस्ट १९९१ रोजी हेलसिंकीतल्या लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने जाहीर केलं की आपण एक ऑपरेटिंग सिस्टिम करतोय, केवळ छंद म्हणून, फार मोठी वगैरे काही होणार नाही; तुम्हाला तीत काय हवंय ते सांगा. महिनाभरात आलेली पहिली आवृत्ती स्वतःच्या पायावर उभीसुद्धा राहत नव्हती, ती चालवायला आणि बांधायला मिनिक्स ही दुसरी सिस्टिम लागायची. पुरी झालेली वस्तू कोणी समोर ठेवली असती तर लोकांनी वापरली असती, फार तर वाहवा केली असती. तिच्यात हात घालायला जागा होती म्हणून लोकांनी हात घातला. आता तीच लिनक्स एवढी अवाढव्य झाली आहे की नव्याला कुठे बोट शिरकवावं कळत नाही. तिथे २००८पासून ‘स्टेजिंग’ नावाचा एक कोपरा आहे. धड न झालेले ड्रायव्हर, म्हणजे यंत्राचे भाग चालवणारे प्रोग्राम, तिथे येऊन पडतात, आणि कित्येक नवशिक्यांनी आपला पहिला पॅच, म्हणजे दुरुस्तीचा बदल, त्याच कोपऱ्यातला पसारा आवरून पाठवला आहे.

राखलेलं काम खरं मात्र हवं. खोटं काम माणसाला लगेच कळतं. २०२०च्या ऑक्टोबरात हॅक्टोबरफेस्टच्या वेळी काय झालं ते अनेकांना आठवत असेल. चार पुल रिक्वेस्ट केल्या, म्हणजे प्रकल्पांना चार बदल पाठवले, की टी-शर्ट, असा तो उपक्रम होता. हेतू चांगला होता, नव्यांनी यावं हाच. झालं असं की जगभरातल्या प्रकल्पांच्या रीडमीमध्ये ‘अमेझिंग प्रोजेक्ट’ असले शब्द घुसडणाऱ्या पुल रिक्वेस्टचा पाऊस पडला. प्रकल्प सांभाळणारे मेंटेनर लोक वैतागले, आणि काही दिवसांतच आयोजकांनी नियम बदलला : ज्या प्रकल्पाने आपणहून सहभाग कळवला असेल, तिथलंच काम धरायचं. त्या पावसात आपल्याकडच्या कॉलेजातली मुलं खूप होती, म्हणून भारतीय विद्यार्थ्यांवर तेव्हा बरंच तोंडसुख घेतलं गेलं. मला त्या मुलांचा राग येत नाही. पहिली पायरी म्हणून त्यांना जे दाखवलं गेलं, तेच त्यांनी केलं. करण्यासारखं बारीकसं खरं काम कोणीतरी त्यांच्या हातात ठेवायला हवं होतं.

तर कोल्हापूरच्या मुलीला आम्ही राखून ठेवलेल्यातलं एक काम दिलं. ते असं.

मराठीत ‘वकील’चं ‘वकिलाला’ होतं, ‘गरीब’चं ‘गरिबाला’, ‘बहीण’चं ‘बहिणीला’. शेवटून दुसऱ्या अक्षरातली दीर्घ ई किंवा ऊ सामान्यरूपात ऱ्हस्व होते. शाळेत हे शिकवतात आणि आपण विसरतो, पण हात बरोबर लिहितो. हन्स्पेलच्या नियमांच्या फाईलमध्ये हे एकेका शेपटासाठी सांगावं लागतं : शेवटचं ‘ील’ काढ, ‘िलाला’ लाव. ‘ूल’ काढ, ‘ुलाला’ लाव, म्हणजे ‘फूल’चं ‘फुलाला’. अशी बरीच शेपटं आमच्याकडे झाली होती, काही राहिली होती. त्यांतलं ‘ूत’चं शेपूट आम्ही हात न लावता ठेवलं होतं. तिला फाईल, ओळ आणि तपासणीची आज्ञा एवढं दिलं, आणि सांगितलं की अडलीस तर विचार, आणि अडली नाहीस तरी कुठे थांबावं लागलं ते लिहून ठेव.

तिने दुसऱ्याच दिवशी पुल रिक्वेस्ट टाकली. आणि ती नुसती ‘ूत’ची नव्हती. प्रोग्रामरच ती. एकेक शेपूट हाताने कोण लिहिणार, म्हणून तिने छोटा पायथन प्रोग्राम लिहून सगळ्याच दीर्घ अक्षरांचे नियम एकगठ्ठा तयार केले होते. देखणा कोड, नीट नावं, टिपणं सुद्धा. फक्त त्यातून ‘शरिराला’ निघत होतं, ‘गिताला’ निघत होतं, आणि ‘दुताला’ही. कारण संस्कृतातून जसेच्या तसे आलेले, म्हणजे तत्सम, शब्द या नियमाला अपवाद आहेत. ‘सूत’चं ‘सुताला’, पण ‘दूत’चं ‘दूताला’. दोन्ही शब्दांचं शेपूट एकच, लांबी एकच, आणि कुठला शब्द तत्सम आहे हे नुसतं शेपूट पाहून कळायची सोय नाही. ते कोणीतरी माणसाने यादीत शब्दाशेजारी खूण करून सांगावं लागतं. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक १४ नियम १९६२ साली शासनमान्य झाले, १९७२ साली त्यांत चारांची भर पडली. हे नियम माणसांसाठी लिहिलेले आहेत. ते वाचणाऱ्याला तत्सम म्हणजे काय हे आधीच माहीत आहे, असं त्यांनी धरलेलं आहे.

इथे रिव्ह्यू करणाऱ्याचा, म्हणजे बदल तपासणाऱ्याचा, कस लागतो. ‘हे चूक आहे, मराठीचे नियम वाचा’ असं एका ओळीत लिहून पुल रिक्वेस्ट बंद करता येते. कितीतरी ठिकाणी करतात. सरांनी काय केलं ते मला फार आवडलं. त्यांनी आधी चालवून पाहिलं, मग लिहिलं : ‘तुमच्या प्रोग्रामने जे शब्द तयार केले, त्यांतले बहुतेक बरोबर आहेत. जे चुकले त्यांची यादी सोबत जोडतो. या यादीतल्या शब्दांत सारखं काय आहे ते सांगा पाहू.’ चाळीस वर्षं खडू हातात धरलेल्या माणसाचं उत्तर होतं ते. तिने अर्ध्या तासात लिहिलं, ‘सगळे संस्कृत!’ आणि पुढे, ‘पण मग भूत? भूत संस्कृतच ना? पण भूताला कोण लिहितं, सगळे भुतालाच लिहितात.’ यावर सर दोन दिवस गप्प होते. ते कोश चाळत होते, असं नंतर कळलं.

एक गोष्ट आम्ही कटाक्षाने पाळतो, ती उत्तराच्या वेळेची. फायरफॉक्स करणाऱ्या मोझिलाने काही वर्षांपूर्वी आपल्याच नोंदी तपासल्या होत्या. ज्यांच्या पहिल्या बदलाला ४८ तासांत रिव्ह्यू मिळाला, ते पुन्हा यायचं प्रमाण खूप मोठं निघालं, आणि ज्यांना आठवड्याहून जास्त थांबावं लागलं, ते जवळजवळ कोणीच परत आले नव्हते. मला यात नवल वाटलं नाही. पहिला बदल पाठवल्यावर माणूस दर तासाला पान उघडून बघतो. त्या वेळी ‘पाहिलं, शनिवारी सविस्तर लिहितो’ एवढी ओळसुद्धा पुरते. आणि नकार द्यायचा असला तरी तो लवकर आलेला बरा.

आता तिच्या आडनावाचं. त्यात ‘ऱ्ह’ आहे. आमच्या यंत्रांवर ते आडनाव आम्ही टाइप करून पाहिलं, तर लाल रेघ नाही. तिच्याकडे मात्र कायम लाल. डोळ्यांना दोन्ही शब्द अगदी सारखे. कळफलक, फॉन्ट, आवृत्ती असे नेहमीचे प्रश्न विचारून झाले. शेवटी तिनेच शब्द फोडून एकेक अक्षराचा युनिकोड क्रमांक (संगणक अक्षर ज्या क्रमांकाने ओळखतो तो) छापून पाहिला, आणि कोडं सुटलं. तो पापणीसारखा अर्धा र लिहायच्या दोन रीती युनिकोडला मान्य आहेत. एक, खाली टिंब असलेला ‘ऱ’ घ्यायचा आणि त्याचा पाय मोडायचा. इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट धरून र दाबला की हा येतो. दुसरी, साधा र घ्यायचा, पाय मोडायचा आणि मागे एक न दिसणारं जोडचिन्ह घालायचं. शिवाय ‘ऱ’ हाच मुळात र आणि नुक्ता असा दोन तुकड्यांतही साठवता येतो, म्हणजे तिसरी रीत झाली. वडिलांच्या छापखान्यातल्या जुन्या फॉन्टमधल्या फायली तिने कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणल्या होत्या, आणि त्या कन्व्हर्टरने दुसरी रीत वापरली होती. आमची यादी पहिल्या रीतीची. म्हणजे ‘दुसऱ्या’, ‘पुढाऱ्याने’, ‘कऱ्हाड’, असे सगळेच शब्द तिच्यासारख्या हजारो जुन्या फायलींत चूक ठरत असणार.

उपाय सोपा निघाला. हन्स्पेलमध्ये ‘आयकॉन्व्ह’ नावाचा तक्ता देता येतो. शब्द तपासायला घेण्याआधी तो आत येणारा मजकूर एकसारखा करून घेतो. तिने त्यात र साठी दोन ओळी घातल्या, आणि हात लागलाच आहे तर ‘ॲ’साठीही एक. ‘ॲ’ला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा २००८ साली मिळाली. त्याआधीचे लोक अ वर चंद्र चढवून काम भागवत, आणि तसे ‘ॲप’ अजून जिकडेतिकडे पडलेले आहेत. तीन ओळींचा बदल तो. आमच्यापैकी कोणी तो कधीच केला नसता, कारण आमच्या यंत्रावर ती अडचणच नव्हती. नव्या माणसाचे पहिले आठवडे म्हणूनच मौल्यवान असतात. त्याला अजून आमच्यासारखी सवय झालेली नसते. पुढे तीही सरावेल. तोवर ती जिथे जिथे अडखळते ते लिहून ठेवायला सांगणं, हा आमच्या बाजूने निव्वळ स्वार्थ आहे.

दार उघडं ठेवण्याचा विषय निघाला की हल्ली एक्सझेडचं उदाहरण दिलं जातं, आणि ते टाळून चालणार नाही. एक्सझेड ही फायली दाबून लहान करायची साधी उपयुक्तता. जवळपास प्रत्येक लिनक्स यंत्रावर असते. फिनलंडचे लासे कॉलिन ती वर्षानुवर्षं एकटे सांभाळत होते. २०२१मध्ये ‘जिया टॅन’ या नावाने एक नवा स्वयंसेवक आला. कामसू, विनम्र, चिकाटीचा. पुढल्या वर्षी काही अनोळखी खाती कॉलिन यांच्या मागे लागली की प्रकल्प फार हळू चाललाय, दुसऱ्या कोणाच्या हाती द्या. कॉलिन यांनी उत्तरात लिहिलं होतं की आपल्याला मनःस्वास्थ्याच्या तक्रारी आहेत, आणि हा बिनपगारी छंदाचा प्रकल्प आहे, हे लक्षात ठेवा. हळूहळू जिया टॅनकडे अधिकार गेले, आणि २०२४च्या सुरुवातीला ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांतून त्याने चोरदार बसवलं. ते आंद्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेस नावाच्या डेटाबेसवर काम करणाऱ्या इंजिनिअरला सापडलं, तेही यंत्रावर लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतोय, हे त्याला खुपलं म्हणून. २९ मार्च २०२४ रोजी त्याने ते जाहीर केलं आणि जगभरातल्या सर्व्हरवरचं संकट थोडक्यात टळलं.

यावरून ‘बघा, नवख्यांना घ्यायचं तर असं होतं’ असं म्हणणारे मला भेटलेत. मला त्या गोष्टीत दुसरंच दिसतं. तिथे दाराशी एकच माणूस होता, थकलेला, आणि त्याला धमकावणाऱ्या निरोपांच्या वेळी त्याच्या बाजूने बोलणारं फारसं कोणी नव्हतं. चार माणसं असती, एकमेकांचे बदल बघणारी, तर चोराला इतकी निवांत तीन वर्षं मिळाली नसती. तो चोरटा कोड कसा लपवला होता तेही बघण्यासारखं आहे : तपासणीच्या नमुना फायलींत, ज्या माणसाने उघडून वाचण्यासारख्या नसतातच. आमच्यासारख्या शब्दयादीच्या प्रकल्पात कोण चोरदार बसवणार, असं वाटू शकतं. तरी आम्ही तेव्हापासून एक नियम केला : जे डोळ्यांनी वाचता येत नाही, ते घ्यायचं नाही, मग पाठवणारा जुना असो की नवा. कोल्हापूरच्या मुलीला हा नियम पहिल्याच दिवशी सांगितला. तिने वाईट वाटून घेतलं नाही. उलट माझ्याच एका जुन्या दाबलेल्या फाईलवर बोट ठेवून विचारलं, ‘मग दादा, ही कशी चालते?’ (तेव्हापासून मी सर राहिलो नाही, दादा झालो.) ती फाईल आता उलगडून ठेवली आहे.

शब्द कुठून आणायचे यावरून मात्र आमचं तिच्याशी एकदा वाजलं. तिने एका प्रकाशकाच्या संकेतस्थळावरचा अख्खा कोश प्रोग्राम लावून उतरवायची तयारी केली होती. मुक्त परवान्याखाली आपण जे देतो, ते देण्याचा हक्क आधी आपल्याकडे असावा लागतो. आजच्या कोशाचे हक्क त्याच्या प्रकाशकाचे. मराठी विकिपीडियाचा मजकूर मुक्त परवान्याचा आहे, तिथून शब्द उचलता येतात. मोल्सवर्थचा १८५७चा कोश हक्कमुक्त आहे, पण त्यातलं शुद्धलेखन त्या काळाचं, अनुस्वारांनी भरलेलं. ‘म्हणजे सोपं आहे ते चालत नाही आणि चालतं ते सोपं नाही,’ ती म्हणाली. बरोबर आहे. हल्ली तर आणखी एक सोपी वाट निघाली आहे. यंत्राला सांगितलं की ते हजारो मराठी शब्द भसाभसा काढून देतं. आमच्याकडे तशा याद्या येतात. त्यांत दर शंभरातले काही शब्द असे असतात की ऐकायला मराठी वाटतात पण कोणी कधी उच्चारलेले नसतात. तशी यादी पाठवणारा बहुधा चांगल्या हेतूनेच पाठवतो, म्हणून त्याला नाही म्हणताना मी त्यातलेच दहा शब्द निवडून त्याच्याकडे परत पाठवतो : यांचा एकेक खरा वापर दाखवा. जे दाखवतात ते राहतात. बाकीचे यादी बदलून दुसरीकडे पाठवत असावेत.

आता ती स्वतः रिव्ह्यू करते. गेल्या महिन्यात माझा एक बदल तिने परत पाठवला आणि खाली लिहिलं, ‘नियम बरोबर आहे, पण चाचणी कुठे आहे?’ चाचणी लिहून दिली तेव्हा मर्ज झालं, म्हणजे बदल प्रकल्पात घेतला गेला.

सध्या आमच्यात वाद चालू आहे तो तिनेच आणलेल्या माणसावरून. परभणीचा एक मुलगा, बारावीनंतर घरी शेती बघतो आणि मोबाईलवर प्रोग्रामिंग शिकलाय. त्याचं म्हणणं, तो जसं बोलतो तसं लिहिलं की पानाला ताप आल्यासारखं सगळं लाल होतं. ‘लई’ला लाल रेघ का? मी पाहीपर्यंत तिचं त्याला उत्तर गेलेलं होतं, कामही दिलेलं होतं : बोलीतले शंभर शब्द जमव, प्रत्येकासोबत तो वापरलेलं एक वाक्य. तिची कल्पना अशी की हे शब्द मुख्य यादीतच घालायचे, पण त्यांच्यावर हन्स्पेलची ‘नोसजेस्ट’ खूण लावायची. म्हणजे कोणी ‘लई’ लिहिलं तर चूक दाखवायची नाही, पण दुसऱ्या कोणाला आपणहून सुचवायचंही नाही. युक्ती चांगली आहे. अडचण एवढीच की ती खूण मुख्यतः शिव्यांसाठी वापरतात. सर म्हणाले, बोलीला शिव्यांच्या रांगेत बसवणं त्यांच्या हातून होणार नाही. न्यू जर्सीच्या ताई म्हणतात, रांगेचं कोणाला दिसतंय, लाल रेघ गेल्याशी कारण. मी वेगळी फाईल करावी असं म्हणतोय, ज्याला हवी तो जोडेल. त्यावर परभणीच्या मुलाने रीतसर हरकत नोंदवली आहे : ‘वेगळी फाईल कोणी उतरवून घेत नसतंय दादा. मुख्य यादीतच घ्या, आन् खूण बी लावू नका.’